ज्याच्या हाती पिशवी

मनुष्यप्राण्याच्या हाती जन्मतःच जी एकमेव सत्ता येते, ती तोंड मिटून घेण्याची. त्याला न्हाऊ कधी घालायचे, कोणते अंगडे चढवायचे, कोणाच्या मांडीवर बसवायचे, त्याचे जावळ केव्हा काढायचे आणि त्याला हाक कोणत्या नावाने मारायची, या साऱ्या गोष्टींचा निकाल वडीलधाऱ्यांच्या मसलतीने परस्पर लागत असतो, आणि त्याविरुद्ध त्याने आक्रोशाच्या द्वारे केलेले अपील बहुधा त्याच दिवशी फेटाळले जाते. परंतु ओठांच्या त्या इवल्याशा फटीवर त्याचा अंमल इतका निरंकुश असतो की, कचेरीत पन्नास माणसांना धाकात ठेवणारा गृहस्थही दुधी भोपळ्याच्या भाजीचा एक घास हाती धरून त्या बंद दरवाजापुढे नोकरीच्या उमेदवारासारखा तिष्ठत राहतो. मुले जेवत नाहीत ही फिर्याद घरोघर ऐकू येते आणि सर्वत्र ती आहाराच्या सदराखाली नोंदली जाते, ही मुळातच दफ्तरी चूक होय. तिची खरी जागा राजकारणात आहे.

आपल्या या सत्तेची जाणीव बालकाला पहिल्या वर्षी नसते, आणि म्हणूनच ते वर्ष मातापित्यांना सुवर्णयुगासारखे भासते. मुलगा असल्यास सहाव्या-आठव्या अशा सम महिन्यात आणि मुलगी असल्यास पाचव्या-सातव्या अशा विषम महिन्यात मुहूर्त पाहून उष्टावण होते. मामा मांडीवर घेऊन अंगठीने खीर चाटवतो. आणि त्यानंतर काही महिने तूप-मिठाचा मऊ भात, मेतकूट, मुगाची खिचडी, नाचणीचे सत्त्व, जे पुढे येईल ते, आणि पुढे न आलेले वर्तमानपत्राचे टोक, चपलेचा पट्टा आणि तुळशीतली माती हेही, ते बालक सारख्याच समदृष्टीने ग्रहण करीत असते. या काळात त्याची आई शेजारणीला मोठ्या कृतार्थतेने सांगते, "आमचा बाळ ना, खाण्याच्या बाबतीत अगदी शहाणा आहे हो!" शेजारणीची मुले पाच आणि सात वर्षांची असल्यामुळे ती नुसतीच हसते.

पुढे वर्षाचा वाढदिवस होतो आणि बालकाचे पहिले डोळस 'नको' त्या घरात उमटते. वैद्यकशास्त्राने याचे कारण केव्हाच सांगून ठेवले आहे, परंतु ते इतके साधे आहे की कोणत्याही आईचा त्यावर विश्वास बसत नाही. जन्माच्या वेळी सुमारे ३ किलो वजनाचे मूल पहिल्या वर्षाच्या अखेरीस तिप्पट, म्हणजे ९ किलोच्या आसपास भरते. हाच वेग पुढे कायम राहिला असता तर ते दुसऱ्या वाढदिवसाला २७, तिसऱ्याला ८१ आणि चौथ्याला २४३ किलोचे झाले असते, आणि बालवाडीच्या बाकांची रचना मुळापासून बदलावी लागली असती. निसर्गाला हिशेब समजत असल्यामुळे दुसऱ्या वर्षी तो ही वाढ दोन-अडीच किलोंवर आणतो आणि त्या मानाने भूकही उतरते. वाढ कमी म्हणून भूक कमी, असा सरळ जमाखर्च. पण भूक कमी म्हणून वाढ खुंटणार, असा उलटा ताळा मांडून माता दवाखान्याची वाट धरते. "काही म्हणजे काही खात नाही हो, डॉक्टर," असे ती सजल नेत्रांनी सांगत असताना ते उपोषित बालक डॉक्टरांच्या टेबलाचे खण उघडत, वजनकाट्यावर उड्या मारत आणि औषधांच्या नमुन्यांची बाटली पळवीत दवाखान्यातून स्वैर संचार करीत असते, व डॉक्टरही आळीपाळीने दोघांकडे पाहून काहीतरी गोडसे पातळ औषध लिहून देतात. ते औषध आईच्या मनःशांतीसाठी असते. घ्यावे मात्र मुलाला लागते.

याच सुमारास त्याला नव्या अन्नाचे भय वाटू लागते, आणि दोन ते सहा या वयात ते भय विशेष बळावलेले असते. शास्त्रज्ञांचा तर्क असा की, पायाने चालू लागलेले मूल आईच्या नजरेआड जाऊन वाटेतला धोतरा नि कण्हेर तोंडात घालते, तर मनुष्यजात कधीच निर्वंश झाली असती. तेव्हा पाय फुटताच संशयही फुटावा अशी सृष्टीची योजना आहे. गोडाची ओढ जन्मजात आणि कडूचा तिटकारा जन्मजात, कारण रानात गोड ते बहुधा निर्धोक आणि विषारी ते बहुधा कडू. आयुर्वेदाने मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय असे सहा रस मानले. पाच वर्षांच्या जिवाने त्यांपैकी मधुराला सनद दिलेली असते, लवणाला तात्पुरता परवाना, आणि बाकीचे चार बंदी हुकमाखाली असतात. कारल्याची भाजी पानात पाहून जे मूल किंकाळी फोडते ते वास्तविक आपल्या गुहावासी पूर्वजांचा शहाणपणाच उच्चरवाने सांगत असते. फक्त कारले बाजारातून आईनेच आणलेले आहे, हा पुरावा ते लक्षात घेत नाही.

ज्याला या बंदी हुकमाची अंमलबजावणी पाहायची असेल त्याने अशा मुलाच्या शेजारी पाट मांडून बसावे. पान वाढले जाते. प्रथम दोन बोटांच्या चिमटीत धरून पोह्यांतल्या किंवा आमटीतल्या मोहरीची एकेक कणी बाहेर काढली जाते. नंतर कढीलिंबाची पाने, नंतर कोथिंबीर, नंतर खोबऱ्याचा कीस, नंतर ज्याची जात ओळखू येत नाही असा एखादा हिरवा कण. आणि या सर्व ऐवजाची ताटाच्या काठावर ओळीने अशी मांडणी होते की पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने धन्य म्हणावे. इतक्यात कोशिंबिरीचे पाणी वाहत येऊन भाताच्या मुदीला लागते. संपले! तो भात बाटला. आता त्यावर तूप घाला, साखर घाला, त्याचा लागलेला भाग काढून टाका, काही उपयोग नाही. आजीबाईंनी नातसुनेच्या आग्रहाखातर जे सोवळे-ओवळे खुंटीवरून कायमचे उतरवले, ते घरातल्या सर्वांत धाकट्या माणसाने ताटाच्या परिघात संपूर्ण शास्त्रोक्त रीतीने पुन्हा सुरू केलेले असते. भाजीने भाताला शिवू नये, वरणाने पोळीला शिवू नये, आणि बटाट्याच्या काचऱ्यांना कोणीच शिवू नये, कारण त्या सर्वांच्या वर.

अशा या बाणेदार सत्ताधीशाला वळवण्यासाठी घरातील प्रत्येक मनुष्य आपापल्या प्रकृतीनुसार मार्ग शोधीत असतो. आजीचा मार्ग मनोरंजनाचा. पूर्वी चिऊ, काऊ आणि हम्मा यांच्या नावाने घास भरवले जात, आणि आपल्या वाट्याचे अन्न त्या प्राण्यांना जाईल या मत्सरापोटी मूल तोंड उघडी; आज खिडकीत चिमणी क्वचितच येते, म्हणून तिच्या जागी मोबाईलची नेमणूक झाली आहे, आणि पडद्यावरची चित्रे हलू लागताच मूल आ वासते व त्यात काय पडले याची त्याला वार्ताही नसते. चिमणीचा दोष एवढाच होता की ती घास संपायच्या आत उडून जाई. मोबाईलचा दोष असा की तो उडून जात नाही. एवढेही करून साधले नाही तर आजी, "मेल्यांनी माझ्या बाळाला दृष्ट लावली गं बाई," म्हणत मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते. त्या मोहऱ्यांविषयी मात्र बाळाची तक्रार नसते, कारण त्या ताटात पडत नाहीत.

पुरुषवर्गाचा मार्ग उपदेशाचा. आजोबा १९७२ च्या दुष्काळातील लाल मिलोच्या भाकरीचा आणि सुकडीचा दाखला देतात. वडील त्याहून वाङ्मयीन दाखला देतात: 'श्यामची आई' या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकात अळणी भाजीची एक हकीकत आहे. भाजीत मीठ घालायचे आई विसरते, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून श्यामचे वडील व त्यांच्यामागोमाग मुलेही ती भाजी निमूटपणे खातात. पुढे आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला सारे कळते. ही हकीकत सांगताना वडिलांचा कंठ दाटून येतो. मूल एकाग्र चित्ताने ऐकते आणि शेवटी विचारते, "म्हणजे बाबा, ती भाजी त्यांनासुद्धा आवडली नव्हती ना?" या प्रश्नाला शिक्षणशास्त्रात उत्तर नाही. शिवाय ज्या वडिलांनी ही गोष्ट सांगितली, त्यांनीच त्यानंतरच्या दुसऱ्या घासाला "अगं, आमटीत मीठ जरा कमी पडलंय का?" असा शेरा मारलेला असतो आणि तो मुलाच्या स्मरणात जसाच्या तसा दाखल झालेला असतो.

आत्या, मावशी आणि काका हे पाहुणेवर्गातील असल्यामुळे त्यांना परिणामाची चिंता नसते; त्यांचा मार्ग लाचेचा. "ही मेथी संपव, मग चॉकलेट," असा सौदा होतो, मेथी संपते, आणि काकांच्या मुद्रेवर मुत्सद्द्याचे तेज चढते. या व्यवहारातील खोट अमेरिकेतील लीॲन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली उघड केली. त्यांनी लहान मुलांना एक पेय पिण्याबद्दल बक्षिसे दिली. पेय तर प्यायले गेले, परंतु पुढे पाहतात तो त्या पेयाची आवड पूर्वीपेक्षा घटलेली. मुलांचा तर्क बिनतोड आहे. जी गोष्ट खाण्याबद्दल वर मोबदला द्यावा लागतो ती वाईटच असली पाहिजे, आणि जी मोबदला म्हणून मिळते ती उत्तम. मेथी आणि चॉकलेट यांचा दर्जा असा एकाच व्यवहारात कायमचा ठरवून काका रात्रीच्या गाडीने निघून जातात.

आई मात्र यांपैकी कोणाच्याही नादी लागत नाही. तिचा मार्ग गनिमी काव्याचा. पालक पुरीच्या कणकेत शिरतो, बीट कटलेटमध्ये दडते, गाजर पोळीत लपते, आणि जो दुधी भाजी म्हणून दहा वेळा माघारी गेला तो किसून थालीपिठाच्या भाजणीत मिसळला जातो. थालीपीठ खरपूस होते, त्यावर लोण्याचा गोळा येतो, दोन घास विनातक्रार जातात, आईने आवरून धरलेला श्वास सुटतो, आणि तिसरा तुकडा उजेडाकडे धरून तो लहानगा परीक्षक एक पांढरा तंतू चिमटीने अलगद ओढून काढतो व शांतपणे विचारतो, "आई, हे काय आहे?" यापुढे काही दिवस केवळ दुधीवरच नव्हे तर थालीपिठावरही जप्ती येते. गनिमी काव्यात किल्ला हातचा जाणे परवडते. विश्वास गेला की मुलूखच जातो.

या सर्व पराभवांत एक वस्तुस्थिती अत्यंत अपमानास्पद असते. घरी पडवळ पाहून डोळे पांढरे करणारे हेच कार्टे समोरच्या बिऱ्हाडात जाऊन तेच पडवळ दोनदा मागून खाते, आणि समोरच्या काकू "किती गुणी आहे हो तुमचा मुलगा!" असा दाखला जिन्यात उभ्या राहून देतात. आई त्यांच्याकडून कृती लिहून आणते. ती तिचीच असते, तिनेच मागे काकूंना दिलेली. येथे गोपाळकाल्याची आठवण होते. सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून खाण्याची युक्ती ज्याने रूढ केली, त्याला मुलांचे मन पाकशास्त्रापेक्षा अधिक कळले होते. दहा पोरे एका घोळक्यात जेवू लागली की कोणाच्या घासात कोणाची भाजी आली याची चौकशी करायला कोणाला फुरसत नसते, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक घासागणिक तोंडाकडे पाहत बसणारे वडील माणूस तेथे नसते.

मुलांना त्यांच्या मर्जीवर सोडून पाहावे, हा विचार एका अमेरिकन स्त्री-डॉक्टरला फार पूर्वीच सुचला होता. क्लारा डेव्हिस यांनी १९२६ साली सुरू केलेल्या आणि पुढे काही वर्षे चाललेल्या प्रयोगात, नुकतेच अंगावरचे दूध सुटलेल्या एकंदर १५ बालकांपुढे ३४ निरनिराळे साधे पदार्थ त्यांतून आळीपाळीने मांडले जात. शेजारी परिचारिका चमचा घेऊन बसे, पण तिला सक्त ताकीद असे की आग्रह करायचा नाही, सुचवायचे नाही, डोळ्यांनीसुद्धा खुणवायचे नाही. बालकाने एखाद्या वाडग्याकडे हात केला तरच त्यातला चमचा तोंडाशी न्यायचा. बालकांनी मनसोक्त स्वातंत्र्य उपभोगले. कोणी सकाळी अर्धा लिटर संत्र्याचा रस आणि त्यावर काळीज खाई, कोणी रात्री अंडी, केळी आणि दूध यांचे जेवण करी. मुडदूस झालेल्या एका बालकाने तर मासळीचे तेल बरे होईपर्यंत आपण होऊन घेतले आणि बरे झाल्यावर सोडून दिले. शेवटी सर्व मुले धष्टपुष्ट निघाली. हे वृत्त वाचलेला एखादा सुधारक पिता घरात जाहीर करतो की आजपासून चिरंजीवांवर कसलीही सक्ती नाही, आणि चिरंजीव त्या दिवशी तिन्ही त्रिकाळ वेफर्स खातात.

या पित्याने वृत्ताचा शेवट वाचलेला नसतो. १९३९ साली निष्कर्ष प्रसिद्ध करताना बाईंनी स्वतःच सांगून टाकले की या प्रयोगातली खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, बिस्किट नव्हते, तळलेले काही नव्हते. जे जे मांडले होते ते ते पौष्टिकच असल्यामुळे बालकांनी काहीही निवडले तरी चूक होणे अशक्य होते. थोडक्यात, निवड बालकांची आणि पिशवी बाईंची.

आणि येथेच मला या साऱ्या तंट्याचे मूळ सापडल्यासारखे वाटते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, या न्यायाने ज्याच्या हाती भाजीची पिशवी तो सर्वभक्षी! "मला सगळं चालतं," असे छातीठोकपणे सांगणाऱ्या गृहस्थांच्या घरी शेपूची जुडी उंबरठ्याच्या आत कधीही आलेली नसते, कारण तिचा वास त्यांना सहन होत नाही आणि मंडईत ते स्वतः जातात. गृहिणीला गवार आवडत नसेल तर ती घरात कोणाला आवडते की नाही, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. गवार शिजतच नाही. आजोबांना वांग्याने वात होतो, आजीला फणसाने पित्त होते, मामंजींना पावटे जड पडतात, आणि या प्रत्येकाच्या नावडीपुढे घर आदराने मान तुकवते. मुलालाही तितक्याच भाज्या आवडत नाहीत. फरक एवढाच की त्याच्या नावडत्या भाज्या घरात येतात, शिजतात, त्याच्याच पानात वाढल्या जातात आणि वर त्या नाकारल्याचा गुन्हा त्याच्यावर शाबीत होतो. मोठी माणसे आपली नावड बाजारातच गुपचूप निकालात काढून येतात. मुलाला ती चव्हाट्यावर, भरल्या पंक्तीत काढावी लागते.

मोठ्यांच्या या गुणाची साक्ष इतिहासही देतो. आज ज्या बटाट्याखेरीज मुलांच्या घशाखाली दुसरे काही उतरत नाही, तो अमेरिका खंडातला कंद पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आला आणि एकादशीच्या फराळात जाऊन बसण्याइतका सोवळाही झाला. परंतु अठराव्या शतकात उभ्या फ्रान्सने त्यापुढे तोंड मिटून घेतले होते, तो रोगट आहे म्हणून १७४८ साली त्याच्या लागवडीला बंदी झाली होती, आणि १७७२ पर्यंत ती उठली नव्हती. पुढे पार्मांतिये नावाच्या एका औषधशास्त्रज्ञाने, असे सांगतात, पॅरिसजवळच्या आपल्या बटाट्याच्या शेताभोवती दिवसा शिपायांचा कडक पहारा ठेवला आणि रात्री तो मुद्दाम उठवला; ज्यावर एवढा पहारा ते भलतेच मोलाचे असणार, अशा समजुतीने लोक रात्री येऊन बटाटे चोरू लागले. आमच्या एका परिचित बाईंनी हीच युक्ती मटारउसळीवर चालवली. भांडे उंच फळीवर ठेवून "ही फक्त मोठ्या माणसांसाठी आहे, हात लावायचा नाही," एवढे बजावून त्या शेजारी गेल्या, आणि परत येऊन पाहतात तो स्टुलावर चढलेले चिरंजीव थेट भांड्यातून उसळ खात होते. मोठ्या माणसांना त्या रात्री लोणच्याशी जेवावे लागले.

तेव्हा उपाय काय? एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी अधिकारांची जी विभागणी सुचवली आहे, ती वाचताना जुन्या लोकांना १९१९ च्या कायद्याने प्रांतांना दिलेल्या द्विदल राज्यपद्धतीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. काय शिजवायचे, केव्हा वाढायचे आणि कोठे बसून जेवायचे, ही खाती राखीव, म्हणजे मातापित्यांकडे. वाढलेल्यातले खायचे की नाही आणि किती खायचे, ही खाती सोपीव, म्हणजे मुलाकडे. एकाने दुसऱ्याच्या खात्यात ढवळाढवळ करायची नाही. दुधी वाढावा, आपण खावा, आणि मुलाच्या तोंडाकडे न पाहता पावसापाण्याविषयी बोलावे. नव्या पदार्थाशी परिचय होण्यास मुलाला आठ ते पंधरा भेटी लागतात असा अनुभव आहे, आणि बहुतेक घरांत दोन-तीन भेटींतच "त्याला नाही आवडत" असा शिक्का मारून प्रकरण दफ्तरदाखल होते. पडवळाने काही पिढ्या दम धरला आहे. आपण आणखी दहा जेवणे धरायला हरकत नाही.

ही व्यवस्था दोन्ही पक्षांना पूर्ण समाधान देईल असे मात्र कोणी समजू नये. द्विदल पद्धतीनेही कोणाचे समाधान झाले नव्हते; तिजोरी राखीव पक्षाकडेच राहिली होती, जशी घरात खाऊच्या डब्याची फळी राहते. तरीही ती प्रांतांतून १९२१ पासून १९३७ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे चालली, आणि घरातही साधारण तितकीच चालते. सोळावे वर्ष लागलेल्या पुत्राशी मित्राप्रमाणे वागावे, असा सुभाषितकारांचा सल्ला आहे. तो मानून एके रविवारी बाप मुलाच्या हाती पैसे आणि पिशवी देतो व त्याला मंडईत पाठवतो. त्या दिवसापासून मुलगा खाण्याच्या बाबतीत एकदम सुधारतो, पानात काहीही टाकीत नाही, आणि पाहुण्यांना अभिमानाने सांगतो की, "मला सगळ्या भाज्या आवडतात." सगळ्या म्हणजे, अर्थात, तो आणतो त्या.